क्यूब-प्रॉक्सीची कामगिरी नेमकी कोणत्या आकड्यांवरून जोखावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे ६२ नोडचा, म्हणजे ६२ यंत्रांचा, एक कुबरनेटीस क्लस्टर आहे (कुबरनेटीस ही कंटेनरमधील ॲप्लिकेशन अनेक यंत्रांवर चालवणारी प्रणाली). आवृत्ती १.३० असून क्यूब-प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हिसकडे येणारी रहदारी योग्य पॉडकडे वळवण्याची व्यवस्था करणारा प्रत्येक नोडवरचा घटक, आयपीटेबल्स (लिनक्स कर्नेलमधील पॅकेटचे नियम) मोडमध्ये चालते. क्लस्टरमध्ये सुमारे १,९०० सर्व्हिस (पॉडच्या गटाला दिलेला एक स्थिर पत्ता) आणि त्यांच्यामागे अंदाजे ४,००० पॉड (ॲप्लिकेशनच्या चालू प्रती) आहेत. एखाद्या सर्व्हिसची नवी आवृत्ती सोडली की तिला बोलावणाऱ्या इतर सर्व्हिसच्या लॉगमध्ये काही सेकंद ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘टाइमआउट’ अशा नोंदी दिसू लागतात. बहुतेक वेळा हा प्रकार दोन-तीन सेकंदांत थांबतो, परंतु अधूनमधून तो जवळजवळ अर्धा मिनिट चालतो, आणि तेव्हा सगळ्याच पॉडना त्रास न होता काही मोजक्याच पॉडना होतो, असे आमच्या लक्षात आले आहे.

क्यूब-प्रॉक्सीवर लक्ष ठेवण्यासाठी आमच्या ग्राफाना डॅशबोर्डवर सध्या दोनच आलेख आहेत, एक सीपीयूचा आणि एक मेमरीचा. दोन्ही अगदी सपाट आहेत. सीपीयू क्वचितच वर जातो आणि मेमरी महिनोन्‌महिने तेवढीच आहे. त्यामुळे प्रॉक्सी व्यवस्थित आहे असे आम्ही धरून चाललो होतो. मेट्रिक, म्हणजे मोजमापाचे आकडे, गोळा करणाऱ्या प्रोमिथियसमध्ये क्यूब-प्रॉक्सीचे टार्गेट पहिल्या दिवसापासून ‘डाउन’ दिसते. क्लस्टर तर चालू आहे, मग ही सूचना खोटी असावी, असे समजून आम्ही ती गप्प करून ठेवली आहे.

माझे विचारणे असे आहे की, प्रॉक्सी आपले काम वेळेवर करते आहे की नाही हे कोणत्या मेट्रिकवरून ओळखावे, त्या मेट्रिकचा अर्थ लावताना कशापासून सावध राहावे, आणि मोड बदलून एनएफटेबल्सकडे (आयपीटेबल्सच्या नव्या पर्यायाकडे) जाण्याने हा त्रास कमी होण्याची शक्यता आहे का? मोड बदलणे हा मोठा निर्णय असल्याने आधी दुखणे नेमके कुठे आहे ते समजून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

पहिले उत्तर

नमस्कार. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. नावात प्रॉक्सी असली तरी आपल्या मोडमध्ये एकही पॅकेट क्यूब-प्रॉक्सीच्या प्रोसेसमधून जात नाही. फार पूर्वी यूजरस्पेस नावाचा मोड होता, त्यात तसे घडत असे, परंतु तो १.२६ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. आज क्यूब-प्रॉक्सी एपीआय सर्व्हरकडून सर्व्हिस आणि एंडपॉइंटस्लाइस (सर्व्हिसमागच्या पॉडच्या पत्त्यांची यादी) यांमधले बदल ऐकते आणि त्यांनुसार प्रत्येक नोडच्या कर्नेलमध्ये नियम लिहिते. पॅकेटची वाट कर्नेल ठरवतो. म्हणून तिच्या सीपीयूचा आणि मेमरीचा आलेख पाहून ग्राहकाच्या विनंतीचे काय झाले हे कळणे शक्य नाही. नियम किती शिळे आहेत, हे मोजायला हवे. पॉड गेला, तरी त्याचा पत्ता नोडवरच्या नियमांत जितका वेळ शिल्लक राहतो, तितका वेळ आपल्याला चुका दिसतात.

आता ते ‘डाउन’ दिसणारे टार्गेट. ती सूचना खोटी नव्हती. क्यूब-प्रॉक्सी आपली मेट्रिक १०२४९ या पोर्टवर देते, पण मूळ सेटिंगनुसार ती फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकते. म्हणजे नोडच्या बाहेरून प्रोमिथियस तिथे पोहोचूच शकत नाही. क्यूबॲडम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरमध्ये हे हमखास आढळते. क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमध्ये क्यूब-प्रॉक्सी याच नावाचा कॉन्फिगमॅप (सेटिंग साठवणारी वस्तू) आहे, त्यातील मेट्रिक्स-बाइंड-ॲड्रेस हे मूल्य रिकामे असते. तिथे ०.०.०.०:१०२४९ असे लिहावे आणि त्यानंतर डेमनसेट (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवणारी रचना) आठवणीने रीस्टार्ट करावा, कारण नुसता कॉन्फिगमॅप बदलल्याने चालू पॉड तो पुन्हा वाचत नाहीत. मात्र क्यूब-प्रॉक्सी होस्ट नेटवर्कवर चालते आणि या पोर्टला कोणतीही ओळख-तपासणी नाही, त्यामुळे असे केल्यावर ते पोर्ट नोडच्या प्रत्येक पत्त्यावर उघडे पडते. फायरवॉलने ते फक्त प्रोमिथियसच्या नोडपुरते मर्यादित ठेवल्याशिवाय हा बदल करू नये, असा माझा आग्रह आहे. तोपर्यंत एखाद्या नोडवर लॉग-इन करून स्थानिक पत्त्यावर कर्ल चालवले तरी सगळे आकडे वाचता येतात.

मेट्रिक मिळू लागली की दोन हिस्टोग्राम (नोंदी वेळेच्या कप्प्यांत मोजणारी मेट्रिक) शेजारी-शेजारी मांडावेत. पहिला ‘क्यूबप्रॉक्सी_सिंक_प्रॉक्सी_रूल्स_ड्युरेशन_सेकंड्स’. नियम कर्नेलमध्ये उतरवण्याच्या एका फेरीला किती वेळ लागला हे तो सांगतो. दुसरा ‘क्यूबप्रॉक्सी_नेटवर्क_प्रोग्रॅमिंग_ड्युरेशन_सेकंड्स’. मूळ बदल घडल्यापासून या नोडवर नियम लागू होईपर्यंत एकूण किती वेळ गेला हे यातून कळते. एंडपॉइंटस्लाइस तयार करणारा कंट्रोलर बदलाची वेळ त्या वस्तूवर ॲनोटेशन म्हणून लिहून ठेवतो, आणि फेरी यशस्वी झाली की क्यूब-प्रॉक्सी त्या वेळेपासूनचे अंतर नोंदवते. या दोघांतील फरक फार बोलका असतो. दुसरा आकडा मोठा आणि पहिला लहान असेल, तर उशीर कंट्रोलरमध्ये, एपीआय सर्व्हरमध्ये किंवा दोन फेऱ्यांमधल्या थांबण्यात होतो आहे असे समजावे. दोन्ही मोठे असतील, तर पाणी नोडवरच मुरते आहे.

या आकड्यांवर भिस्त ठेवण्यापूर्वी त्यांच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. फेरीच्या हिस्टोग्रामच्या कप्प्यांची रुंदी दुपटीने वाढत जाते, म्हणजे १.०२४, २.०४८, ४.०९६, ८.१९२ आणि शेवटी १६.३८४ सेकंद. प्रोमिथियस कप्प्याच्या आत सरळ रेषेने अंदाज बांधतो, त्यामुळे खरा वेळ ५ सेकंद असूनही पर्सेंटाइल (उदाहरणार्थ ९९ वा, म्हणजे ९९ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा) ८ च्या आसपास दिसू शकतो. दुसरी मर्यादा अशी की नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या आकड्यात सुरुवातीची वेळ पॉडच्या ‘रेडी’ स्थितीतल्या बदलावरून घेतली जाते आणि ती पूर्ण सेकंदातच नोंदलेली असते. एका सेकंदाखालच्या फरकांवरून काही निष्कर्ष काढू नयेत. तिसरी मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पॉड काढून टाकण्याची सूचना ज्या क्षणी मिळाली, तो क्षण या हिशेबात धरलेला नाही. नवा पॉड रहदारीत यायला किती वेळ लागला हे या आकड्यातून चांगले कळते, पण जुना पॉड रहदारीतून जायला किती वेळ लागला हे तितकेसे कळत नाही. आपला त्रास तर जाणाऱ्या पॉडचा आहे.

म्हणून या मेट्रिकच्या जोडीला बाहेरून केलेली प्रत्यक्ष चाचणी हवीच. प्रत्येक नोडवर डेमनसेटने एक छोटा पॉड ठेवावा, त्याने दर सेकंदाला एका चाचणी-सर्व्हिसच्या क्लस्टर आयपीवर (क्लस्टरमधील पत्त्यावर) नवे कनेक्शन उघडावे आणि निकाल नोडच्या नावासह नोंदवावा. मग त्या चाचणी-सर्व्हिसचा रोलआउट, म्हणजे जुने पॉड जाऊन नवे येणे, मुद्दाम घडवून आणावा. कनेक्शन दर वेळी नवेच हवे. एकदा उघडलेले कनेक्शन कॉनट्रॅकमधल्या (कर्नेलच्या चालू कनेक्शनच्या नोंदवहीतल्या) नोंदीनुसार जुन्याच पॉडकडे जात राहते, नियम कितीही बदलले तरी त्याला फरक पडत नाही, आणि त्यामुळे कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणे) चालू असलेल्या चाचणीला शिळे नियम दिसतच नाहीत.

आणखी एक विनंती. पर्सेंटाइल काढताना सगळे नोड एकत्र करू नका. प्रत्येक नोडवरील क्यूब-प्रॉक्सीला बदल जवळपास सारख्याच संख्येने मिळतात, म्हणजे ६२ पैकी दोन नोड बिघडलेले असतील तर त्यांच्या नोंदी एकूण नोंदींच्या जेमतेम ३ टक्के भरतात. संपूर्ण क्लस्टरचा ९५ वा पर्सेंटाइल पाहिलात, तर हे दोन नोड त्यात कधीच दिसणार नाहीत. ‘मोजक्याच पॉडना त्रास होतो’ असे आपण लिहिले आहे, ते वाचून मला हीच शंका येते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. टार्गेट ‘डाउन’ का आहे याकडे आम्ही इतके दिवस दुर्लक्ष करायला नको होते. फायरवॉलचा नियम आधी लावून मग कॉन्फिगमॅप बदलतो आणि दोन्ही हिस्टोग्राम नोडनुसार वेगळे करून पाहतो. चाचणीचा डेमनसेटही उद्यापर्यंत तयार होईल. दरम्यान, कर्नेलच्या बाजूने काय पाहावे हे कोणी सांगू शकेल का? नियम वेळेवर लिहिले गेले तरी पॅकेट पुढे जाईलच असे नाही, हे आता लक्षात येते आहे.

दुसरे उत्तर

कर्नेलच्या बाजूने पहिली तपासणी कॉनट्रॅक टेबलची करावी. सर्व्हिसच्या पत्त्यावरून पॉडच्या पत्त्यावर होणारे प्रत्येक रूपांतर या टेबलात नोंदले जाते, आणि टेबल भरले की नवी कनेक्शन गुपचूप टाकून दिली जातात. क्यूब-प्रॉक्सी सुरू होतानाच या टेबलाची मर्यादा ठरवते. प्रत्येक कोअरमागे ३२,७६८ नोंदी आणि कमीत कमी १,३१,०७२, असा मूळ हिशेब आहे. ८ कोअरच्या नोडवर ही मर्यादा २,६२,१४४ होते. नोड एक्सपोर्टर (नोडचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्रॅम) सध्याच्या नोंदींची संख्या आणि मर्यादा, दोन्ही देतो. त्यांचे गुणोत्तर नोडनुसार काढून ते ०.७५ च्या वर गेले की सूचना यावी, अशी व्यवस्था मी सगळीकडे करतो.

हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे एक अनुभव आहे. पूर्वीच्या एका कामात आमच्या एका नोडवरून बाहेर जाणाऱ्या विनंत्या रोज ठरावीक वेळी अडकत. क्यूब-प्रॉक्सीची सगळी मेट्रिक निर्दोष होती. नियम वेळेवर लिहिले जात होते आणि एकही फेरी अयशस्वी नव्हती. अखेर नोडवर जाऊन कर्नेलचा लॉग वाचला तेव्हा ‘एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ शेकडो वेळा उमटलेली सापडली. त्या वेळी एक बॅच जॉब चालत असे आणि तो प्रत्येक नोंदीसाठी नवे कनेक्शन उघडून लगेच बंद करत असे. बंद झालेले टीसीपी कनेक्शन टाइम-वेट स्थितीत कॉनट्रॅकमध्ये आणखी १२० सेकंद राहते. २,६२,१४४ ला १२० ने भागले की सेकंदाला सुमारे २,१८४ येतात. एका नोडवरून याहून अधिक वेगाने नवी कनेक्शन उघडत राहिली, तर टेबल भरणे अटळ आहे, मग प्रत्येक कनेक्शन कितीही अल्पजीवी असो. आम्ही मर्यादा वाढवली नाही. जॉबमध्ये कनेक्शन पूल वापरला आणि आलेख एका दिवसात खाली आला. मर्यादा वाढवल्याने वेळ मिळतो, पण त्या जॉबचा वेग वाढला की तीच वेळ पुन्हा येते.

टेबल भरलेले नसतानाही कॉनट्रॅकमध्ये नोंद करणे किती वेळा फसले हे मोजणारा ‘इन्सर्ट फेल्ड’ हा काउंटर वाढताना दिसू शकतो. त्याचे सर्वपरिचित कारण म्हणजे डीएनएस. एकाच सॉकेटवरून ए आणि एएएए (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्त्यासाठी) अशा दोन विचारणा एकाच क्षणी निघतात, कॉनट्रॅकमध्ये नोंद करताना त्यांची टक्कर होते आणि एक पॅकेट गळते. रिझॉल्व्हर मूळ सेटिंगनुसार ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतो, त्यामुळे काही विनंत्यांना बरोबर ५ सेकंद जास्त लागतात. विलंबाच्या आलेखावर ५ सेकंदांपाशी वेगळा उंचवटा दिसला, तर क्यूब-प्रॉक्सीला दोष देण्याआधी हा काउंटर पाहावा. नोडलोकल डीएनएसकॅश (प्रत्येक नोडवर चालणारी डीएनएस कॅश) बसवल्यास पॉडपासून नोडवरील कॅशपर्यंतचा प्रवास कॉनट्रॅकविना होतो आणि हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

तिसरे उत्तर

मोड बदलण्याच्या प्रश्नापुरते लिहितो. आयपीटेबल्स मोडमध्ये सर्व्हिसचे नियम एकाखाली एक तपासले जातात, त्यामुळे सर्व्हिस वाढल्या की तपासणी लांबते. परंतु पत्त्यांच्या रूपांतराचे नियम असलेले नॅट टेबल फक्त कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटसाठी पाहिले जाते, पुढची पॅकेट कॉनट्रॅकच्या नोंदीवरून जातात. म्हणून १,९०० सर्व्हिसच्या क्लस्टरमध्ये या लांबीचा फटका अर्ध्या मिनिटाचा असणे संभवत नाही. तो फार तर नवे कनेक्शन उघडण्याच्या वेळेत किंचित जाणवेल.

एनएफटेबल्स मोड १.३३ मध्ये स्थिर झाला. त्यात सर्व्हिसचा पत्ता थेट मॅपमध्ये शोधला जातो आणि बदल झालेला भागच कर्नेलकडे पाठवला जातो. त्यासाठी कर्नेल ५.१३ किंवा त्यापुढचा लागतो. नवा क्लस्टर उभारत असाल तर मी तोच निवडेन. पण चालू क्लस्टरमध्ये, कारण ठाऊक नसताना, केवळ त्रास होतो म्हणून मोड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. शिवाय आयपीटेबल्स मोडही पूर्वीसारखा राहिलेला नाही. १.२८ पासून तो प्रत्येक फेरीत सगळे नियम पुन्हा लिहीत नाही, बदललेल्या सर्व्हिसपुरतेच लिहितो. जुन्या लेखांमध्ये मिन-सिंक-पीरियड (दोन फेऱ्यांमधले किमान अंतर) १० किंवा ३० सेकंद करण्याचा सल्ला आढळतो, तो त्या बदलापूर्वीचा आहे. आपल्या कॉन्फिगमध्ये कोणी पूर्वी असे मूल्य घालून ठेवले असेल तर तेवढ्यानेच नियम तितके सेकंद शिळे राहतील. मूळ मूल्य १ सेकंद आहे, आणि फेरीचा सरासरी वेळ त्याहून बराच मोठा दिसत नसेल तर ते तसेच ठेवावे.

एक मेट्रिक अजून कोणी सांगितले नाही, ते म्हणजे ‘क्यूबप्रॉक्सी_सिंक_प्रॉक्सी_रूल्स_आयपीटेबल्स_रिस्टोअर_फेल्युअर्स_टोटल’. निरोगी नोडवर हा आकडा शून्यावर स्थिर असतो. तो वाढत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्याच नोडवर जावे. नियम लिहिण्याचा प्रयत्न फसला की क्यूब-प्रॉक्सी पुन्हा प्रयत्न करते खरी, परंतु त्यासाठी सिंक-पीरियडइतकी थांबते, आणि त्याचे मूळ मूल्य ३० सेकंद आहे. मध्ये दुसरा एखादा बदल आला तरच फेरी लवकर होते. आपण सांगितलेला अर्ध्या मिनिटाचा आकडा वाचताच मला हे आठवले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिन्ही उत्तरांचा फार उपयोग झाला. जे सापडले ते तपशिलाने लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

मेट्रिक सुरू झाल्यावर नोडनुसार आलेख काढला. ६० नोडवर फेरीच्या वेळेचा ९९ वा पर्सेंटाइल अर्ध्या सेकंदाच्या आत होता आणि दोन नोडवर तो ८ सेकंदांच्या जवळ चिकटून बसलेला होता. कप्प्यांविषयीची सूचना आठवून आम्ही कच्च्या नोंदी पाहिल्या, तेव्हा या दोन नोडच्या संथ फेऱ्या सगळ्याच्या सगळ्या ४.०९६ ते ८.१९२ या कप्प्यात होत्या. खरा वेळ ८ नसून ५ च्या थोडा वर असावा असे वाटले. त्याच दोन नोडवर रिस्टोअर फेल्युअर्सचा आकडा दर तासाला वाढत होता. कॉनट्रॅकचे गुणोत्तर मात्र सगळीकडे ०.२ च्या खाली निघाले, त्यामुळे ती शंका दूर झाली.

मग त्या नोडवरील क्यूब-प्रॉक्सीचा लॉग नीट वाचला. त्यात दुसरा कोणीतरी एक्सटेबल्सचे कुलूप (आयपीटेबल्सचे नियम हाताळताना घ्यावे लागणारे) धरून बसला आहे, अशा अर्थाची ओळ वारंवार होती. आमच्या नोडवर आयपीटेबल्सची लेगसी आवृत्ती आहे. तिथे एका वेळी एकाच कमांडला हे कुलूप मिळते, आणि क्यूब-प्रॉक्सी त्यासाठी ५ सेकंद वाट पाहून माघार घेते. पाच सेकंदांचे कोडे तिथे सुटले.

कुलूप धरणारी वस्तू शोधायला थोडा वेळ लागला. या दोन नोडवर काही महिन्यांपूर्वी एका तपासासाठी आमच्याच चमूने एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) घातली होती. ती दर मिनिटाला नॅट टेबलाची संपूर्ण यादी काढून नियमांची संख्या मोजत असे. यादी काढतानाही लेगसी आयपीटेबल्स कुलूप घेते हे आम्हाला ठाऊक नव्हते. आणि कमांडमध्ये ‘-एन’ हा पर्याय दिलेला नव्हता, त्यामुळे ती यादीतील पत्त्यांची नावे डीएनएसकडे विचारत बसे. हजारो नियमांच्या टेबलावर ही यादी पूर्ण व्हायला २० सेकंदांहून अधिक लागत होते, आणि तेवढा सगळा वेळ कुलूप तिच्याकडेच राहत होते. तपास संपला, स्क्रिप्ट मात्र तशीच राहिली. नियमांची संख्या तर क्यूब-प्रॉक्सी स्वतःच एका मेट्रिकमधून देते, हेही आता कळले.

स्क्रिप्ट काढली. त्यानंतर दोन दिवसांत दोन्ही नोडवर एकही फेरी अयशस्वी झाली नाही. चाचणीच्या डेमनसेटमध्येही अर्ध्या मिनिटाचा खंड पुन्हा दिसला नाही. मात्र रोलआउटच्या वेळी दोन-तीन सेकंदांच्या चुका अजून दिसतात, त्याही सगळ्या नोडवर सारख्याच. त्यांत टाइमआउट कमी आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ जास्त आहेत. याचे काय करावे? आणि सूचना नेमक्या कशावर लावाव्यात?

पहिले उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद

आपण मुळापर्यंत पोहोचलात याचा आनंद झाला. उरलेला भाग प्रॉक्सीच्या बिघाडाचा नाही. ‘रिफ्यूज्ड’ जास्त असणे हीच त्याची खूण आहे. पॉडचे नेटवर्क अजून शिल्लक आहे पण आतील प्रोसेसने ऐकणे थांबवले आहे, अशा वेळी हे उत्तर येते. पॉड पूर्ण नाहीसा झाल्यानंतर सहसा टाइमआउट येतो. पॉड काढण्याची आज्ञा निघाली की प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल आणि नियमांमधून पत्ता काढण्याचे काम, ही दोन्ही एकमेकांची वाट न पाहता सुरू होतात. आपली प्रोसेस सिग्नल मिळताच पोर्ट बंद करते, आणि ६२ नोडवरचे नियम तोवर बदललेले नसतात. निरोगी क्लस्टरमध्येही हे अंतर एक-दोन सेकंदांचे राहणारच, ते शून्यावर आणता येत नाही.

त्यावरचा उपाय प्री-स्टॉप हुकमध्ये, म्हणजे थांबण्याच्या सिग्नलआधी चालणाऱ्या कृतीत, थोडे थांबणे हा आहे. आपल्या १.३० आवृत्तीत स्लीप ही कृती थेट पॉडच्या वर्णनात लिहिता येते, इमेजमध्ये स्लीपची कमांड असण्याची गरज नाही. किती थांबावे हे अंदाजाने ठरवू नका. चाचणीच्या डेमनसेटमधून सर्वांत संथ नोडवर जुना पत्ता किती वेळ टिकला तो आकडा घ्या आणि त्याच्या दुप्पट थांबा. आपल्या बाबतीत ५ ते ६ सेकंद पुरावेत. हा वेळ पॉडला मिळणाऱ्या एकूण ३० सेकंदांच्या सवलतीतूनच वजा होतो, म्हणून ज्या सर्व्हिसना हातातले काम संपवायला २५ सेकंदांहून अधिक लागतात, त्यांची सवलत वाढवायला विसरू नका.

सूचनांबाबत माझे मत असे आहे. रिस्टोअर फेल्युअर्सचा आकडा १५ मिनिटांत एकदाही वाढला तरी सूचना यावी, इथे सवलत देऊ नये. क्यूब-प्रॉक्सीचे टार्गेट ‘डाउन’ असले किंवा ते यादीतूनच नाहीसे झाले, या दोन्हींसाठी वेगवेगळ्या सूचना लावाव्यात, कारण टार्गेटच उरले नाही तर ‘डाउन’ची सूचना कधीच वाजत नाही. शेवटची फेरी कधी झाली आणि शेवटची मागणी रांगेत कधी आली, हे दोन टाइमस्टॅम्प क्यूब-प्रॉक्सी देते. मागणी फेरीच्या पुढे जाऊन मिनिटभर तशीच राहिली, तर नोड अडकला असे समजावे. १०२५६ पोर्टवरच्या आरोग्य-तपासणीवर मात्र एकट्यावर विसंबू नका. ती सिंक-पीरियडच्या दुप्पट, म्हणजे मूळ सेटिंगनुसार ६० सेकंद खोळंबा झाल्याशिवाय नापास होत नाही, आणि आपला अर्ध्या मिनिटाचा बिघाड तिच्या नजरेतून कायम सुटत राहिला असता.

नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या ९९ व्या पर्सेंटाइलवर सूचना लावताना एक अडचण येते. एंडपॉइंट बदलले तरच त्यात नवी नोंद पडते. रात्री रोलआउट नसताना पाच मिनिटांच्या खिडकीत एकही नोंद नसेल, तर गणिताचे उत्तर संख्या नसलेले येते आणि सूचनेची अट आपोआप खोटी ठरते. त्यासाठी खिडकी ३० मिनिटांची ठेवावी, नोडनुसार गट करावा, आणि प्री-स्टॉपमध्ये जितके सेकंद थांबता तितक्याच मूल्यावर मर्यादा बांधावी. पुढे कोणी प्री-स्टॉपचा वेळ बदलला, तर त्याच बदलासोबत ही मर्यादाही बदलली जावी म्हणून आम्ही दोन्ही मूल्ये हेल्म या कुबरनेटीसच्या पॅकेज-साधनातील एकाच व्हॅल्यूमधून भरतो.